जवळा चालतो, चापडा का नाही?

खाडीकाठ

मंडळी, कामानिमित्त आठवडाभर छत्तीसगडमध्ये, बस्तरातल्या जगदलपूरला होतो. तिथल्या एका सहकाऱ्याने आठवडी बाजार दाखवायला नेलं. मोहफुलं, चिंच, सुकी मासळी अशा रांगेत एक बाई पानांचे द्रोण मांडून बसली होती. द्रोणात तांबूस काहीतरी हलत होतं. वाकून बघितलं तर मुंग्या. झाडावर हिरवी पानं एकमेकांना चिकटवून चेंडूएवढं घरटं करतात ना, त्या तांबड्या मुंग्या. त्यांच्यात मिसळलेली पांढरी अंडी, भिजलेल्या बारीक साबुदाण्यासारखी. काही मुंग्या द्रोणाच्या कडेवर चढत होत्या आणि बाई बोलता बोलता काडीने त्यांना आत लोटत होती. आमच्याकडे कोळीण माशा हाकलते तितक्याच सवयीने.

संध्याकाळी सहकाऱ्याच्या घरी त्याची चटणी झाली. तिकडे त्याला चापडा म्हणतात. पाट्यावर मीठ, लसूण, आलं, हिरवी मिरची आणि मुंग्या. चव आंबट, आणि आंबटपणा थेट नाकात चढतो. मुंगीच्या अंगातलं फॉर्मिक ॲसिड म्हणे. मी भाताबरोबर दोनदा मागून घेतली. बरोबरचा पुण्याचा इंजिनिअर मात्र तांब्याभर पाणी पिऊन उठला.

घरी येऊन फोटो दाखवले. बायको मालवणची. म्हणाली, "शी! ह्या तोंडाने माझ्या स्वयंपाकघरात येऊ नका." बरं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात काय, तर सुक्या जवळ्याची चटणी. मी घास हातात घेऊन बघत बसलो. प्रत्येक जवळ्याला दोन काळे टिपके, म्हणजे डोळे. मिशा आहेत, पाय आहेत. सोलणं नाही, पोट साफ करणं नाही, अख्खाच्या अख्खा. एका घासात चाळीसएक जीव असतील.

तर विचारायचं हे, की तुमचं नक्की कुठे अडतं? पर्यावरण वाचवा वगैरे नको, ते पेपरात येतं. घास तोंडाजवळ आला की हात कशाने थांबतो, ते सांगा.

टोमणे मास्तर

रुमाल टाकून ठेवतो.

चाळीस जवळे मोजलेत, म्हणजे वहिनींनी त्या दिवशी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं हे उघड आहे. माझं अडतं ते पायांपाशी. चार पायांपर्यंत ठीक. सहा म्हणजे अति होतं.

खाडीकाठ

कोळंबीला दहा असतात, मास्तर. खेकड्याला नांग्या धरून दहाच. ते ओरपताना मोजता का?

टोमणे मास्तर

ते पाण्यात असतात. पाण्यात कोण मोजतंय!

प्रयोगवही

मास्तर गमतीत बरोबर बोलून गेले. मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते, दरवर्षी वर्गात हा विषय निघतो आणि दरवर्षी पोरं हेच म्हणतात. कोळंबी, खेकडा, रातकिडा, मुंगी ही सगळी संधिपाद मंडळी, कवच तेच, घडण तीच. फरक एवढाच, की कोळंबी आपल्याला ताटातच भेटते आणि झुरळ मोरीत भेटतं. घराच्या ज्या कोपऱ्यात एखादा प्राणी दिसतो, त्या कोपऱ्याची घाण त्याला कायमची चिकटते.

पॉल रॉझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. फळाच्या रसाच्या ग्लासात मेलेलं, पण पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून काढायचं आणि मग तो रस प्यायला द्यायचा. झुरळावर एकही जंतू नाही हे लोकांना सांगितलेलं होतं. तरी लोक तो रस नको म्हणाले. त्याच अभ्यासात चॉकलेटच्या वड्या होत्या, एक साधी आणि एक कुत्र्याच्या शीच्या आकाराची. चॉकलेट एकच. दुसरी वडी कोणाला नको.

इंग्रजीत याला भारदस्त नावं आहेत. मला वर्गात ती लिहावी लागत नाहीत. मी म्हणते 'विटाळ', आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळतं.

सूर्यास्तापूर्वी

आयडीवरून ओळखलं असेलच. आम्ही जैन. किड्यांचा विचार आमच्याइतका रोज दुसरं कोणी करत नसेल. :) रात्री जेवायचं नाही, कारण दिव्यावर येणारा किडा ताटात पडतो. पाणी गाळायचं. पावसाळ्यात दळलेलं पीठ फार दिवस ठेवायचं नाही. तुमच्याकडे म्हणतात ना, उंबर फोडून बघू नये, तसंच खावं. आम्ही उंबरच खात नाही. वड, पिंपळ यांची फळंही नाहीत. ती चिमुकली माशी आत शिरते, तिथेच अंडी घालते आणि मरते, हे पुस्तकात शिकायच्या आधी आजीकडून ऐकलेलं.

त्यामुळे मला घृणा अशी नाही. माझ्यासाठी तो जीव आहे, एवढंच. उलट एका घासात चाळीस जीव हे वाचून मला जवळा आणि चापडा अगदी सारखे वाटले. खाडीकाठ यांचा हिशोब मला पटला, त्यांना सोयीचा नसला तरी.

प्रयोगवही ताई, एक विचारायचंय. परदेशातून भाऊ चॉकलेटं आणतो, त्यावर ई-नंबर असतात. त्यात किडा असतो म्हणतात ते खरं का?

प्रयोगवही

काहींत असतो. ई-१२० म्हणजे कोचिनील, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यापासून काढलेला लाल रंग. पेरूमध्ये त्याचं सर्वांत जास्त उत्पादन होतं. गुलाबी दही, जेली, गोळ्या अशा ठिकाणी तो सापडतो. ई-९०४ म्हणजे शेलॅक, आपली लाखच. चॉकलेटच्या गोळ्यांवर, कधी सफरचंदावर चकाकी आणायला वापरतात. लाखेचा किडा झाडाच्या फांदीवर जे अंगाभोवती पसरतो, ते खरवडून शुद्ध केलेलं.

आणि आपल्याकडची गंमत. पाकिटावर मांसाहाराची खूण कशाला लावायची याच्या व्याख्येतून दूध वगळलंय, तसं मध, मधमाश्यांचं मेण आणि शेलॅकही वगळलंय. म्हणजे हिरव्या ठिपक्याच्या आत लाख बसू शकते. तुम्ही कडक पाळत असाल तर ठिपक्यावर न जाता घटक वाचा.

किडा नकळत खाण्याचं म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने मर्यादाच ठरवून दिल्यात. शेंगदाण्याच्या बटरमध्ये शंभर ग्रॅमला सरासरी ३० किंवा जास्त तुकडे सापडले तर कारवाई. गव्हाच्या पिठात पन्नास ग्रॅमला ७५. त्याखाली असेल तर चालतं. घरचं धान्य निवडणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही. सोंडे झालेला रवा आपण फेकत नाही, उन्हात घालतो, चाळतो आणि शिरा करतो.

कडधान्यप्रेमी

मला या सगळ्या चर्चेमागे वेगळाच वास येतो. आधी म्हणाले दूध वाईट, मग मांस वाईट, आता किडे खा. खायचे कोणी? तुम्ही-आम्ही. परिषदा भरवणारे विमानातून उतरून मटणच हाणणार. प्रोटीन पाहिजे ना? हुलगे आहेत, मटकी आहे, भुईमूग आहे. आमच्या आजोबांनी हुलग्याच्या माडग्यावर आयुष्य काढलं. युरोपात म्हणे आता पिठात गुपचूप किडे मिसळतात.

प्रयोगवही

गुपचूप नाही हो. युरोपीय संघाने २०२१ ते २०२३ या काळात चार कीटकांना परवानगी दिली: पिठातली पिवळी अळी, टोळ, रातकिडा आणि त्या अळीची एक छोटी बहीण. पण पाकिटावर कीटकाचं शास्त्रीय नावासकट नाव छापावंच लागतं. शिवाय कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला हेही बाधू शकतं, असा इशाराही द्यावा लागतो. दोन्हींत एकच प्रथिन आहे, ट्रोपोमायोसिन. (खाडीकाठ, ज्यांना कोळंबीने अंगावर गांधी उठतात त्यांना चापडा चाखायला देऊ नका.) इटलीने तर २०२३ मध्ये लेबल आणखी कडक करून हे पदार्थ दुकानात वेगळे मांडायला लावले. पास्त्याला हात लावाल तर खबरदार, असा सूर होता.

पण तुमच्या संशयाला मी हसणार नाही, कारण तो सगळीकडे आहे. जपानमध्ये टोळ गोड सोया सॉसमध्ये आटवून खायची जुनी रीत आहे. तरीही २०२२ च्या शेवटी तोकुशिमा प्रांतातल्या एका हायस्कूलच्या जेवणात रातकिड्याची भुकटी वापरली तेव्हा केवढा गदारोळ झाला. सक्ती नव्हती, ज्याला हवं त्याने खायचं होतं. तरी 'आमच्या मुलांना का?' म्हणून लोक तुटून पडले. आजोबांनी शेतातून पकडून आणलेला टोळ वेगळा आणि कंपनीने पुडीत घालून पाठवलेली भुकटी वेगळी.

हुलग्याबद्दल शंभर टक्के सहमत.

मोहफूल

बारा वर्षं भामरागड तालुक्यात शिक्षक होतो, म्हणून लिहितो.

बस्तरचा चापडा म्हणून फोटो फिरतात. इंद्रावतीच्या अलीकडे, आपल्या गडचिरोलीतही तीच मुंगी आणि तीच चटणी. माडिया आदिवासींच्या घरात तिचं कौतुक नाही आणि लाजही नाही. एक पोरगा झाडावर चढतो, घरटं तोडून खाली टोपलीत पाडतो, मुंग्या त्याला कडकडून चावतात, तो वरून ओरडतो आणि खालचे हसतात. सर्दी-ताप असला की मुद्दाम करतात. मी पहिल्यांदा खाल्ली ती पाहुणा म्हणून, नाही म्हणता येईना म्हणून. नंतर मागून खाल्ली.

आता अडतं कुठे याचं माझं उत्तर. आश्रमशाळेत एकदा तपासणीला साहेब आले. मुलांशी जरा गप्पा माराव्यात म्हणून पाचवीच्या वर्गात विचारलं, "सांगा, जेवायला काय आवडतं?" पहिला म्हणाला भात. दुसरा म्हणाला डाळ. तिसरा पोरगा, गावाकडून कालच परत आलेला, बोटं अजून चटणीने तिखट असतील, तो उभा राहून खणखणीत म्हणाला, "पनीर!" साहेब खूश. त्या पोराने पनीर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात नाहीतर टीव्हीवर नाव ऐकलेलं. साहेबांसमोर काय आवडायला हवं हे मात्र त्याला नेमकं माहीत होतं.

संध्याकाळी माझ्याकडे आला. "गुरुजी, पनीर कशाचं असतं?" म्हटलं दुधाचं. "गाईच्या?" म्हटलं हो. त्याचं तोंड असं झालं की काय सांगू. माडियांत जुनी माणसं गाय दोहत नसत. ते दूध वासराचं. आपण मुंगीचं नाव काढल्यावर जो चेहरा करतो ना, हुबेहूब तोच चेहरा त्या पोराने पनीरचं नाव काढल्यावर केला.

'मुंग्या खाणारे' ही त्या भागात बाहेरून आलेल्या माणसाच्या तोंडची शिवी आहे. प्रयोगवहींनी विटाळ हा शब्द वापरला तो वाचून मी जरा थांबलो. विटाळ नुसता किड्याचा नसतो. किडा कोण खातो, यावर तो ठरतो. हीच चटणी उद्या मोठ्या हॉटेलात पांढऱ्या बशीत दोन थेंब टाकून आली, तर खाडीकाठांचा इंजिनिअर फोटो काढून खाईल.

खाडीकाठ

मोहफूल, हे वाचून जरा गप्प झालो. त्या इंजिनिअरला लिंक पाठवलीय.

एरंडपान

मोहफूल +१००.

बँकेच्या नोकरीत चार वर्षं आसाममध्ये काढली, म्हणून हा आयडी. एरी रेशमाची अळी एरंडाच्या पानावर वाढते. बाजारात भाजीवाल्या बाया परातीत अळ्या आणि कोश घेऊन बसायच्या आणि गिऱ्हाइकं कांदेबटाटे घेतल्यासारखी घासाघीस करायची. घरच्या घरी अळ्या पाळणाऱ्या माझ्या एका खातेदार बाईंना मी विचारलं होतं, सूत विकून किती सुटतं? त्या हसून म्हणाल्या, सूत होतंच, पण पोरं वाट बघतात ती आतल्याची. तळून मीठ-मिरची लावली की संपलं. बोहाग बिहूच्या दिवसांत तांबड्या मुंगीची अंडीही खातात, म्हणजे मुंगी तीच, भामरागडपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत. मधे ओडिशातल्या मयूरभंजची काई चटणी, तिला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी कोणी तरी ती करोनावर औषध म्हणून देशभर वापरा असा अर्ज घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, तो २०२१ मध्ये फेटाळला. चटणीला चटणी राहू द्या की.

आता पैठणीवाल्यांसाठी. तुतीच्या रेशमाचा अखंड धागा काढायचा तर कोश आतल्या जिवासकट गरम पाण्यात घालतात. सहावारीला हजारो कोश लागतात. ते अंगावर लग्नात मिरवतं, देवाला चालतं, सोवळ्यात तर तेच लागतं. उकडलेला किडा पाण्यात उरतो तो खाल्ला की मात्र शी. या धाग्यावर हा धागा कोणीतरी काढायला हवा होता.

टोमणे मास्तर

घरी पैठणी मागितली होती बायकोने. आता हा प्रतिसाद वाचून दाखवतो. एरंडपान, तुमचे उपकार फिटणार नाहीत.

बर्फातला बंड्या

मी हेलसिंकीला असतो. माझा अनुभव जरा कोरडा आहे, अक्षरशः.

२०१७ च्या नोव्हेंबरात फिनलंडने खाण्यासाठी कीटक विकायला परवानगी दिली आणि त्याच महिन्यात फाझर या इथल्या जुन्या, मोठ्या बेकरीने रातकिड्याचा पाव बाजारात आणला. एका पावात सुमारे सत्तर रातकिडे, पण भुकटी करून. वजनात तीन टक्के. किंमत चार युरोच्या आसपास, साध्या पावापेक्षा बरीच जास्त. ऑफिसात आम्ही पाचसहा जण होतो, एकाने आणला. टेबलावर ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती असे उभे राहिले जसा बाँब निकामी करायचाय. पहिला तुकडा मी उचलला, मराठी माणसाची इभ्रत म्हणून. चव? पावाची. बिया घातलेल्या ब्राउन पावाची. चार जण म्हणाले, "अरे, काहीच लागत नाही!" आणि सगळ्यांचा चेहरा उतरला.

किडा लपवला म्हणून लोकांनी खाल्ला, आणि इतका लपवला की खाल्ल्यासारखंच वाटलं नाही. मग दुप्पट पैसे कशाचे? आमच्यापैकी एकानेही तो पाव दुसऱ्यांदा घेतला नाही. मी तर पहिलाही विकत घेतलेला नव्हता, फुकटात खाल्ला.

ग्राहक तयार आहे का असं विचारणाऱ्या पाहण्या पुष्कळ होतात. 'एकदा खाऊन बघाल का?' याला लोक हो म्हणतात. तो उत्सुकतेचा हो असतो. 'मंगळवारच्या डब्याला न्याल का?' असं विचारा.

प्रयोगवही

बंड्या, शेवटचं वाक्य वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला बेल्जियममधला एक अभ्यास आहे. मांसाऐवजी कीटक खायला तयार आहोत असं साधारण पाचातल्या एकाने सांगितलं, आणि पुरुष तयार असण्याची शक्यता बायकांच्या दुपटीहून जास्त निघाली. (आपल्याकडे मात्र मंडईतून काय आणायचं ते कोण ठरवतं?) पण हे सगळं तोंडी. कंपन्या या तोंडी होकारावर उभ्या राहिल्या. फ्रान्समध्ये अळ्यांचा प्रचंड कारखाना उभारणाऱ्या यन्सेक्टने शेकडो कोटींची गुंतवणूक गोळा केली, आणि २०२४ मध्ये तिला देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं.

आणि कडधान्यप्रेमींना बळ देणारी एक गोष्ट. एक किलो रातकिडे वाढवायला दोनेक किलो खाद्य, एक किलो बीफला आठ-दहा किलो, हे आकडे तुम्ही वाचले असतील. बरोबर आहेत. पण ती तुलना गाईशी. कोंबडीशी केली तर अंतर फार उरत नाही, कारण फार्मवरच्या रातकिड्याला चांगलं वाढायला कोंबडीचंच खाद्य लागतं. निव्वळ ओल्या कचऱ्यावर तो धड वाढत नाही, असंही प्रयोगात दिसलंय. मग ग्राहक म्हणतो, कोंबडीच खातो की.

कडधान्यप्रेमी

किंवा मटकी.

सोमवार पेठ ते सुखुमवित

उशिरा आलो. बँकॉकात नऊ वर्षं झाली. इथल्या दोन गाड्या सांगतो, म्हणजे दोन ग्राहक कळतील.

पहिली गाडी खाओसान रस्त्यावर. काडीला टोचलेले काळे विंचू, कोळी, आणि पाटी: फोटोचे दहा बाट. गिऱ्हाईक परदेशी. एक जण खातो, तिघे शूटिंग करतात, अर्धा विंचू कचऱ्यात. थाई माणूस या गाडीकडे ढुंकूनही बघत नाही.

दुसरी गाडी माझ्या ऑफिसच्या गल्लीत, संध्याकाळी सहानंतर. चालवणारी बाई ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची. तिच्या परातीत रातकिडे, बांबूतल्या पांढऱ्या अळ्या, रेशमाचे कोश, टोळ. पुडीत भरते, वरून सोया सॉसचा फवारा, पांढरी मिरपूड. टॅक्सीवाले, बांधकामावरचे मजूर, ऑफिसातल्या मुली, सगळे घेतात. बिअरबरोबर चकणा. मी बांबूच्या अळ्यांपासून सुरुवात केली, कारण त्या शेवेसारख्या दिसतात. लागतातही तशाच, जरा तुपकट. टोळ खाताना मागचे पाय आणि पंख आधी तोडायचे, नाहीतर घशात अडकतात. हे मला बाईने रागावून शिकवलं.

आता ऐका. त्या टोळाचं इथलं नाव 'पातंगा'. मी दचकलो, हा तर आपला पतंग! शोधलं तर शास्त्रीय नावातच पतंगा आहे आणि इंग्रजीत त्याला चक्क 'बॉम्बे टोळ' म्हणतात. सत्तरच्या दशकात त्याने इथल्या मक्याचा फडशा पाडला. विमानातून फवारणी केली, उपयोग झाला नाही. शेवटी १९७८ ते ८१ सरकारनेच मोहीम काढली: पकडा आणि खा. लोकांनी इतकं मनावर घेतलं, की तो टोळ आज पिकावरची कीड म्हणून गणतीतही नाही आणि बाजारात महाग मिळतो.

मुद्दा असा की इथे कोणी कोणाला प्रोटीनचं भाषण दिलं नाही. ईसानमध्ये आधीपासून खात होते, ती माणसं कामाला बँकॉकात आली, गाड्या आल्या. खोनकेन विद्यापीठाने १९९८ च्या सुमारास रातकिडे पाळायची रीत शिकवली. २०१३ पर्यंत देशात वीसेक हजार रातकिडा फार्म झाले होते. कुरकुरीत, खारट, तिखट. आणि कोंबडीपेक्षा महाग, तरी विकलं जातं. फिनलंडवाल्यांनी भुकटी केली तिथेच घोळ झाला.

संत्रीवाला

बॉम्बे टोळ वाचून लिवतो. आमच्या काटोलकडं २०२० च्या मे महिन्यात टोळधाड आली ना बाप्पा, ते वाळवंटी टोळ होते. लॉकडाऊन, अन् वरून हे. सांजच्याले संत्र्याच्या बगीच्यात उतरले, फांद्या वाकल्या पार. आमी थाळ्या वाजोल्या, फटाके फोडले, धूर केला. रातच्याले अग्निशमनची गाडी आणून औषध मारलं. सकाळी खाली सडा.

माह्या डोक्यात आलं, कोंबड्यायले घालू. कृषीचा माणूस म्हणे, भाऊ, औषध मारलं हाये, कोंबड्या मरतीन. पोतंभर प्रोटीन खड्ड्यात गाडलं. त्याच वर्षी पाकिस्तानात ओकाराले रातच्याले टोळ गोळा करून वीस रुपये किलोनं कोंबडीखाद्याले विकले, फवारा न मारता, असं मंग वाचलं. लय हळहळ वाटली.

मी सोता खाईन का? कोंबडीनं खाल्लेला टोळ खाईन. मधात कोंबडी पायजे.

प्रयोगवही

'मधात कोंबडी पायजे' हेच बहुतेकांचं उत्तर असणार, संत्रीवाला. आजही पाळलेल्या किड्यांचा मोठा भाग मासे, कोंबड्या आणि कुत्र्यामांजरांच्या खाद्यातच जातो. तिथे कोणी चेहरा वाकडा करत नाही.

निहारी

एक छोटी भर. इस्लाममध्ये टोळ हलाल आहे, मासळीसारखाच, जबह (विधीने कापणं) न करताही. बायबलच्या जुन्या करारातही टोळाला सूट आहे. अरबस्तानात लोक आवडीने खातात.

आमच्या घरी मात्र आजतागायत कोणी कढईत टाकला नाही. मालेगावात टोळ आला तर अम्मी आधी झाडू उचलेल, किताब नंतर. परवानगी असणं आणि भूक लागणं यांत अंतर आहे, एवढंच सांगायचं होतं.

सूर्यास्तापूर्वी

निहारी, आमचं बरोबर उलटं. परवानगी नाही, आणि तरी शेलॅकचं चॉकलेट आवडीने खाल्लं गेलं वर्षानुवर्षं. काल भावाने आणलेलं पाकीट भिंग लावून वाचलं. ई-९०४ सापडला. मुलाने विचारलं, आता काय? काही सुचलं नाही. पाकीट तसंच फडताळात आहे.

खाडीकाठ

शंभरी नाही भरली, पण धागा वसूल झाला.

आता ताजी बातमी. बायकोने काल रात्री माझ्या मागे बसून मोहफूल यांचा प्रतिसाद वाचला. पनीरवाला. काही बोलली नाही. आज सकाळी चहा ठेवताना एकदम म्हणाली, "आंबट म्हणजे कसलं आंबट? सोलासारखं, की चिंचेसारखं?" मला सांगता येईना. दोन्ही नाही, एवढंच म्हणालो. तर म्हणते, "मग खाल्लंत काय नुसतं?" मोहफूल, तुम्ही बारा वर्षं खाल्लीत, तुम्हीच सांगा.

मोहफूल

वहिनींना सांगा, चिंचेसारखं जड नाही आणि सोलासारखं मागे रेंगाळत नाही. कच्चं करवंद चावल्यावर दात आंबतात तसं सुरू होतं आणि मग कापलेल्या लिंबाच्या सालीचा वास नाकात जातो तसं वर चढतं. अंडी जास्त असतील तर चव मऊ होते, जरा दुधाळ म्हणा. (तो पोरगा हे वाचणार नाही अशी आशा.) आणि वाटताना पाणी घालू नये, मुंगीचंच पुरतं.

खाडीकाठ

वाचून दाखवलं. "करवंद" म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली.